कड्यातल्या घरांची आरव्ही सहल: मेसा व्हर्डे आणि परिसर, सोबत सत्तरीतले आई-बाबा

दूरगाव

नमस्कार.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण दहा दिवसांसाठी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आरव्हीने (झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाडीने) फिरायला निघणार आहोत. माझे आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे डॅलसला आले आहेत. बाबा 72 वर्षांचे आहेत, आई 68 वर्षांची आहे आणि आमची लेक 11 वर्षांची आहे. बाबांची सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली, त्यामुळे जुने दगडी बांधकाम दिसले की ते थांबतात आणि चिपा (दगडाचे लहान तुकडे) कशा बसवल्या आहेत, दर्जा (दगडांमधले सांधे) कशा भरल्या आहेत, हे आम्हाला समजावून सांगतात. कोलोरॅडोतील मेसा व्हर्डेच्या कड्यातल्या घरांची छायाचित्रे पाहिल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो "हा दगड तिथे नेला कसा?" हा होता आणि त्या प्रश्नातूनच ही सहल ठरली.

आम्ही अल्बुकर्कीपर्यंत विमानाने जाऊन तिथे 25 फुटी क्लास सी (मध्यम आकाराची) आरव्ही भाड्याने घेणार आहोत. माझ्या यादीत सध्या बँडेलिअर, मेसा व्हर्डे, कॅन्यन द शे, बेटाटाकिन, मॉन्टेझुमा कॅसल, वॉलनट कॅन्यन आणि हीला अशी जुन्या वस्त्यांची सात ठिकाणे आहेत. एवढी मोठी गाडी त्या घाटरस्त्यांवर कितपत नेता येते, आणि आईच्या गुडघ्यांना शिड्या चढणे जमणार नसल्यामुळे तिला या ठिकाणी काय पाहता येईल, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

आणखी एक प्रश्न लेकीचा आहे. "ही माणसे गूढरीत्या नाहीशी झाली" असे तिने कुठेतरी वाचले आणि "म्हणजे ती गेली कुठे?" असे ती मला रोज विचारते. मी अजिंठा आणि वेरूळ पाहिले आहे, पण या घरांविषयी मला काहीच सांगता येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

चाकोरीबाहेर

आम्ही दोघे गेली नऊ वर्षे आरव्हीने फिरतो आहोत आणि मेसा व्हर्डेला तीनदा जाऊन आलो आहोत. सर्वप्रथम एक विनंती करतो. यादी निम्मी करा. हीला हे न्यू मेक्सिकोच्या नैर्ऋत्य भागात आहे आणि सिल्व्हर सिटीपासूनचा शेवटचा 44 मैलांचा वळणांचा रस्ताच सुमारे दोन तास घेतो. मॉन्टेझुमा कॅसल आणि वॉलनट कॅन्यन ॲरिझोनात फ्लॅगस्टाफच्या बाजूला आहेत, त्यामुळे त्यांची स्वतंत्र सहल करणे योग्य ठरेल. आरव्ही भाड्याने घेतलेली असली की रोज किती मैल पडतील असा हिशेब आपण मांडतो, पण रोज संध्याकाळी गाडी समतल उभी करणे, पाणी आणि वीज जोडणे, एक दिवसाआड सांडपाण्याची टाकी रिकामी करणे यांत जो वेळ जातो तो त्या हिशेबात कधीच नसतो. आई-बाबा सोबत असताना एका ठिकाणी किमान दोन रात्री राहिल्याशिवाय कोणालाही विश्रांती मिळणार नाही.

आता मेसा व्हर्डेविषयी. उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून मुख्य घरे असलेल्या चेपिन मेसापर्यंत (मेसा म्हणजे सपाट माथ्याचे पठार) वीस मैलांहून अधिक चढ-उताराचा आणि तीव्र वळणांचा रस्ता आहे. क्लास सी गाडी तिथे जाते, परंतु उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवू नका, खालच्या गिअरमध्ये उतरा. मागे ट्रेलर जोडलेला असेल तर तो प्रवेशद्वारापासून चार मैलांवरील मोरफील्ड तळावरच ठेवावा लागतो, पुढे नेता येत नाही. वेदरिल मेसा या दुसऱ्या भागाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लांबीची मर्यादा 25 फूट आणि वजनाची मर्यादा 8,000 पौंड आहे. यातील लांबीचा आकडा सगळे वाचतात, वजनाचा कोणी वाचत नाही. पहिल्या फेरीत माझी गाडी लांबीत बसत होती म्हणून मी निर्धास्त होतो आणि फाट्यावरूनच परत फिरावे लागल्यामुळे तिकडच्या लाँग हाऊस या कड्यातल्या वस्तीची काढलेली तिकिटे वाया गेली. तुम्ही घेत आहात त्या प्रकारच्या गाडीचे वजन या मर्यादेच्या बरेच वर जाते, म्हणून तिकडे ती न्यायचा विचारच करू नका.

यावर माझा उपाय असा आहे. मोरफील्डला तीन रात्रींचे आरक्षण करा आणि दुरँगो शहरातून एक लहान मोटार तेवढ्या दिवसांपुरती भाड्याने घ्या. मोरफील्डला 267 जागा आहेत, पण वीज, पाणी आणि सांडपाणी अशी तिन्ही जोडणी असलेल्या जागा फक्त 15 आहेत आणि त्या फार आधी भरतात. ती जागा मिळाली नाही तरी काळजीचे कारण नाही, कारण तळावर अंघोळीची सोय, कपडे धुण्याची यंत्रे आणि टाकी रिकामी करण्याची जागा आहे. तळ सात हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. सप्टेंबरअखेर दुपारी उन्हाचा चटका लागतो आणि पहाटे दात वाजतात, त्यामुळे आई-बाबांसाठी स्वेटर आणि कानटोपी नक्की घ्या आणि पहिल्या दिवशी त्यांना चढ चढायला लावू नका. रात्री मात्र सगळ्यांना दहा मिनिटे बाहेर काढा. हे उद्यान 2021 पासून अधिकृत गडद आकाशाचे उद्यान आहे आणि तिथून दिसणारी आकाशगंगा तुमच्या लेकीच्या कायम लक्षात राहील.

तिकिटांविषयीही सांगतो. क्लिफ पॅलेस, बाल्कनी हाऊस आणि लाँग हाऊस या कड्यातल्या वस्त्यांत केवळ रेंजरसोबतच (उद्यानाच्या रक्षक-मार्गदर्शकासोबत) जाता येते आणि त्या फेऱ्यांची तिकिटे सरकारी आरक्षण संकेतस्थळावर बरोबर 14 दिवस आधी, तेथील वेळेप्रमाणे सकाळी आठला खुली होतात. डॅलसमध्ये तेव्हा नऊ वाजलेले असतात. त्या मिनिटाला संगणकासमोर बसून राहा.

मृद्भांड

मी पुरातत्त्वशास्त्राची विद्यार्थिनी होते आणि आता कोलोरॅडोत शाळेत शिकवते. तुमच्या लेकीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ती माणसे नाहीशी झाली नाहीत. ती दक्षिणेकडे आणि आग्नेयेकडे गेली आणि त्यांचे वंशज आज ॲरिझोनातील होपी गावांत, न्यू मेक्सिकोतील झुनी, ॲकोमा आणि लगूना येथे, तसेच रिओ ग्रान्दे नदीकाठच्या पुएब्लो गावांत राहतात. मेसा व्हर्डेशी आपले नाते सांगणाऱ्या वीसहून अधिक जमाती आहेत आणि उद्यानाचे प्रशासन त्यांच्याशी नियमित विचारविनिमय करते. पूर्वी या लोकांना "अनासाझी" म्हणत, परंतु हा नवाहो भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ शत्रूंचे पूर्वज असा काहीसा होतो. आपल्या पणज्यांना शेजाऱ्यांनी दिलेले असे नाव कोणालाही आवडणार नाही, म्हणून आता "पूर्वज पुएब्लो" असे म्हणतात. लेकीला तेवढे नाव अवश्य शिकवा.

त्यांचा काळ असा. या पठारावर इ. स. 550 च्या सुमारास वस्ती सुरू झाली. सुरुवातीची घरे जमिनीत खड्डा खणून वर लाकूड-मातीचे छप्पर घातलेली होती. पुढची सहाशे वर्षे लोक प्रामुख्याने पठारावरच राहिले, तिथेच मका, घेवडा आणि भोपळा पिकवत राहिले. कड्याच्या कपारीत घरे बांधायला ते 1190 च्या दशकात लागले आणि 1270 च्या दशकापर्यंत बांधत राहिले. म्हणजे जी घरे पाहायला आपण जातो ती सातशे वर्षांच्या मुक्कामातील शेवटच्या जेमतेम शंभर वर्षांची आहेत. उद्यानात सुमारे 5,000 पुरातत्त्वीय स्थळे आहेत आणि त्यांपैकी कड्यातील वस्त्या सुमारे 600 आहेत. त्यांतल्या बहुतेक एक ते पाच खोल्यांच्या आहेत. क्लिफ पॅलेस हा अपवाद आहे. तिथे सुमारे 150 खोल्या आणि 23 किवा (जमिनीत बांधलेल्या गोल खोल्या) आहेत.

अजिंठ्याशी तुलना तुम्हाला स्वाभाविकपणे सुचेल, पण इथे कृती अगदी उलट आहे. आपल्याकडे अखंड बेसॉल्ट कोरून लेणे काढले, म्हणजे दगड वजा करत नेला. मेसा व्हर्डेत कपार निसर्गाने तयार केली आणि माणसांनी तिच्यात दगडावर दगड रचून घर उभे केले. ही कपार कशी तयार होते ते पाहण्यासारखे आहे. वरचा वालुकाश्म सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते. खाली शेलचा (मातीच्या घट्ट खडकाचा) थर लागला की ते पाणी अडते आणि आडवे वाहत कड्याच्या तोंडाशी पाझरते. हिवाळ्यात तिथे त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो, दगड सुटतो, आणि हजारो वर्षांत कमानीसारखी खोल कपार पडते. त्यामुळे कपारीच्या मागच्या भिंतीशी पिण्याच्या पाण्याचा पाझर असतो आणि डोक्यावर छप्पर आयते मिळते. कपार दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे उघडत असेल तर हिवाळ्यात तिरपे ऊन आत येते आणि उन्हाळ्यात माथ्यावरच्या सूर्यापासून सावली राहते. हीच प्रक्रिया अजूनही चालू आहे. स्प्रूस ट्री हाऊस ही सुमारे 130 खोल्यांची, सर्वांत चांगली टिकलेली वस्ती 2015 पासून पर्यटकांना बंद आहे, कारण तिच्यावरच्या कमानीतून दगड सुटत आहेत. ती आता समोरच्या बाजूने पाहावी लागते.

आता तुमच्या बाबांच्या प्रश्नाकडे येते. दगड फार लांबून आणावा लागला नाही. कपारीत पडलेला आणि आसपासचा वालुकाश्मच त्यांनी वापरला. त्यांच्याकडे धातूचे एकही हत्यार नव्हते. नदीकाठच्या कठीण गोट्यांनी ठोकून त्यांनी पावाच्या आकाराचे दगड घडवले. चुना नव्हता, म्हणून माती, राख आणि पाणी यांचा गारा केला आणि दर्जांमध्ये लहान चिपा दाबून बसवल्या, जेणेकरून गारा वाळताना आकसला तरी दगड हलू नये. भिंतींना मातीचा गिलावा होता आणि काही ठिकाणी तो लाल-पांढऱ्या रंगात अजून दिसतो. वर जुनिपर आणि पाइनच्या तुळया, त्यावर काटक्या, साल आणि माती असा माळा असे. रेंजर परवानगी देईल तिथे बाबांना भिंतीजवळ थांबू द्या आणि दर्जेकडे बारकाईने पाहायला सांगा. गारा दाबणाऱ्या बोटांचे ठसे काही ठिकाणी स्पष्ट दिसतात. मात्र हात लावायचा नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. त्यांच्यासारख्या माणसाला ते कठीण जाईल, पण आपल्या त्वचेचे तेल आणि खांद्याचा घासा यांनीही त्या भिंती झिजत आहेत.

किवा हा शब्द वारंवार कानी पडेल. ही जमिनीत खोल बांधलेली गोल खोली असते. धार्मिक विधी, बैठका आणि हिवाळ्यातले काम अशा अनेक गोष्टींसाठी ती वापरली जात असे, त्यामुळे तिला देऊळ म्हणणे अपुरे ठरते. तिचे सपाट छप्पर हे वरच्या लोकांचे अंगण असे आणि छपरातील भोकातून शिडीने खाली उतरत. आत मध्यभागी चूल, भिंतीत खालपर्यंत आलेली हवेची उभी नळी आणि नळी व चूल यांच्यामध्ये एक उभा दगड असतो. ताजी हवा नळीतून येते, त्या दगडावर आपटून दोन्ही बाजूंनी पसरते, निखारे विझत नाहीत आणि धूर वरच्या भोकातून निघून जातो. चुलीपलीकडे जमिनीत एक लहानसे छिद्र असते. त्याला सिपापू म्हणतात. आपले पूर्वज खालच्या जगातून या जगात जिथून वर आले त्या जागेची ती खूण आहे आणि पुएब्लो लोकांच्या आजच्या किवांमध्येही ही परंपरा जिवंत आहे.

ती घरे त्यांनी का सोडली याचे एकच कारण सांगणारा लेख विश्वासार्ह समजू नका. 1276 पासून 1299 पर्यंत तीव्र दुष्काळ होता, हे झाडांच्या वर्षवलयांवरून ठरले आहे. त्याशिवाय सातशे वर्षांत जंगल आणि जमीन थकली होती, वस्ती दाट झाली होती, संघर्षाच्या खुणा सापडतात आणि दक्षिणेकडे नवी गावे आकार घेत होती. हे वलयांचे शास्त्र उभे करणारे ए. ई. डग्लस हे मुळात खगोलशास्त्रज्ञ होते. सूर्यावरील डागांच्या चक्राचा माग झाडांच्या वलयांत सापडतो का, हे ते शोधत होते. जिवंत झाडांपासून मागे जाणारी एक मालिका आणि जुन्या घरांतील तुळयांची दुसरी मालिका त्यांच्याकडे होती, पण दोन्हींमध्ये खंड होता. 1929 साली ॲरिझोनातील शो लो येथे सापडलेल्या एका जळक्या तुळईने तो खंड भरून काढला आणि कोणते घर कोणत्या वर्षीच्या लाकडाचे आहे हे एकाएकी सांगता येऊ लागले.

"शोध" या शब्दाविषयीही लेकीशी बोला. 18 डिसेंबर 1888 रोजी रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन हे गुराखी क्लिफ पॅलेससमोर आले, त्या घटनेला शोध म्हटले जाते. परंतु यूट जमातीला ही ठिकाणे आधीपासून माहीत होती. 1891 मध्ये गुस्ताफ नॉर्डेन्शॉल्ड या तरुण स्वीडिश संशोधकाने उत्खनन करून अनेक वस्तू युरोपात नेल्या आणि त्या पुढे फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचल्या. त्यात माणसांचे अवशेषही होते. प्राचीन वस्तूंच्या संरक्षणाचा कायदा जून 1906 मध्ये झाला आणि त्याच महिन्यात, 29 तारखेला, मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यान झाले. फिनलंडहून 20 व्यक्तींचे अवशेष आणि त्यांच्यासोबत पुरलेल्या 28 वस्तू 2020 साली परत आल्या आणि जमातींच्या प्रतिनिधींनी ते सारे उद्यानातच पुन्हा मातीत ठेवले. ही केवळ पुरातन इमारतींची गोष्ट नाही, तिथे कोणाचे तरी आजी-आजोबा आहेत, हे 11 वर्षांच्या मुलीला नक्की समजते.

ओसरी

मृद्भांड यांनी फार सुरेख लिहिले आहे. मी आईंच्या गुडघ्यांविषयी लिहिते, कारण माझ्या सासूबाईंना घेऊन मी ही सहल केली आहे.

क्लिफ पॅलेसच्या फेरीत ओबडधोबड पायऱ्या आणि आठ-दहा फुटांच्या शिड्या आहेत. बाल्कनी हाऊसला 32 फुटांची शिडी चढून पुढे 18 इंच रुंद आणि 12 फूट लांब बोगद्यातून रांगत जावे लागते. ही दोन्ही ठिकाणे आईंसाठी नाहीत. पण त्यांना गाडीत बसवून ठेवण्याचे मुळीच कारण नाही. मेसा टॉप लूप हा सहा मैलांचा रस्ता आहे आणि त्यावर 12 थांबे आहेत. प्रत्येक थांब्यापासून पाहण्याची जागा थोड्याच अंतरावर आहे. सुरुवातीचे थांबे खड्ड्यातल्या घरांचे आणि पुढचे कड्यातल्या घरांचे असल्यामुळे सहाशे वर्षांचा क्रम ओळीने पाहता येतो. स्क्वेअर टॉवर हाऊसच्या कठड्यापाशी उभे राहिले की चार मजली मनोरा थेट खाली दिसतो. सन पॉइंटवरून समोरच्या कड्यांत एकामागून एक डझनभर घरे सापडतात. आधी फक्त खडक दिसतो. मग एक काळा चौकोन दिसतो, तो दरवाजा आहे हे ध्यानात येते आणि त्यानंतर नजर सरावते. दुर्बीण अवश्य घ्या. माझ्या सासूबाईंनी तिथे पाऊण तास काढला आणि आमच्यापेक्षा दोन घरे जास्त शोधली.

संग्रहालयातही त्यांना न्या. तिथे मका दळण्याचा दगड आणि त्यावर फिरवायचा दगड ठेवलेला आहे. सासूबाईंनी फलक वाचला नाही. काचेपाशी उभ्या राहून त्यांनी दोन्ही हात पुढे-मागे केले आणि "पाटा-वरवंटाच आहे, पण बाई गुडघ्यावर बसून दळत असणार, मधला खळगा बघ किती लांब झिजलाय," असे म्हणाल्या. ते अगदी बरोबर होते. नंतर रेंजरने सांगितले की तिथल्या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास असे दळत आणि दगडाची कच पिठात जाऊन सगळ्यांचे दात लवकर झिजत. धान्य साठवायच्या खोल्या कड्याच्या अगदी वरच्या अरुंद सांदीत बांधलेल्या दिसतात. त्या आमच्या गावच्या घरातल्या बळदासारख्या आहेत, आत उंदीर आणि ओल जाऊ नये म्हणून तोंडाला दगडी झाकण बसवायची सोय केलेली आहे.

मेसा व्हर्डेला जाताना 550 क्रमांकाच्या रस्त्याने जाणार असाल तर न्यू मेक्सिकोतील ॲझटेक या गावी तीन तास थांबा. तेथील ॲझटेक रुइन्स ही कड्यातली वस्ती नाही आणि ॲझटेक लोकांशी तिचा काही संबंधही नाही, ते नाव गैरसमजातून पडले. पण अर्धा मैलाची सोपी पायवाट आहे आणि काही खोल्यांवर मूळ लाकडी माळे शाबूत आहेत. मुख्य म्हणजे 1934 मध्ये पुन्हा बांधून काढलेली मोठी किवा आहे, जिच्यात आत जाऊन बाकावर बसता येते. आईंना जे कड्यात पाहता येणार नाही ते त्या तिथे आतून पाहतील. बँडेलिअरलाही खालची पायवाट त्यांना जमेल. तिथला खडक ज्वालामुखीच्या राखेचा आहे आणि इतका मऊ आहे की दगडी हत्यारांनी त्यात खोल्या कोरता आल्या. लेण्यांशी तुलना करायचीच असेल तर ती तिथे शोभेल. छतावर चुलीच्या धुराचे काजळ अजून आहे. तिथल्या 140 फूट उंचीवरील अल्कोव्ह हाऊसला मात्र लेक आणि तिचे बाबा दोघेच जाऊ देत.

लांबचा_पल्ला

कॅन्यन द शेविषयी थोडे लिहितो. ते संपूर्ण ठिकाण नवाहो लोकांच्या जमिनीवर आहे आणि दरीच्या तळाशी आजही नवाहो कुटुंबे शेती आणि मेंढ्या करून राहतात. त्यामुळे तळाशी जायचे तर नवाहो वाटाड्यासोबतच जायचे. वरच्या दक्षिण कडेच्या रस्त्याने स्वतःची गाडी नेता येते आणि तिथून व्हाइट हाऊस ही कपारीतली वस्ती व स्पायडर रॉकचा सुळका दिसतो. लोकांची, त्यांच्या घरांची किंवा जनावरांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नका. नवाहो भूमीवर मद्य बाळगण्यासही बंदी आहे, तेव्हा आरव्हीच्या फ्रीजमध्ये काही असेल तर ते आधीच काढून टाका.

घड्याळाची एक महत्त्वाची गोष्ट आहे. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळे पुढे नेत नाही, पण नवाहो भूमी नेते, आणि तिच्या मध्यभागी असलेली होपी भूमी नेत नाही. माझ्या मोबाइलने तंबूपासून चौकापर्यंत जाताना दोनदा वेळ बदलली आणि मी सकाळच्या फेरीला एक तास उशिरा पोचलो. वाटाडे काका शांतपणे म्हणाले की ते सर्वांना मनगटी घड्याळ लावायला सांगतात. आरक्षण करताना "कोणत्या वेळेप्रमाणे?" असे स्पष्ट विचारून घ्या.

शक्य असेल तर परतीच्या वाटेवर ॲकोमाला थांबा. उंच खडकाच्या माथ्यावरच्या त्या जुन्या गावात तेथीलच माणसे सोबत येऊन गाव दाखवतात. जाण्याआधी त्या दिवशी ते खुले आहे का ते पाहा, कारण सणवारांना गाव पाहुण्यांसाठी बंद असते.

दूरगाव

सर्वांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे यादी बदलून बँडेलिअरला दोन रात्री, मेसा व्हर्डेला चार आणि कॅन्यन द शेला दोन असे ठरवले आणि काल आम्ही घरी परतलो. पुढे जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी नोंदवते.

मोरफील्डला तिन्ही जोडणीची जागा मिळाली नाही, तरी अडले नाही. दुरँगोहून घेतलेल्या लहान मोटारीचे पैसे पूर्ण वसूल झाले, कारण चेपिन मेसाच्या वाहनतळांवर आरव्हीची जागा शोधणारी माणसे आम्ही रोज पाहत होतो आणि आईला दुपारी तासाभरासाठी तळावर परत आणणेही शक्य झाले. वेदरिल मेसालाही त्याच मोटारीने गेलो आणि तेथील स्टेप हाऊस पाहिले. तिथे खड्ड्यातले जुने घर आणि सहाशे वर्षांनंतरचे दगडी घर एकाच कपारीत आहेत, आणि बाबांना ही जागा क्लिफ पॅलेसपेक्षा अधिक आवडली. बँडेलिअरहून ॲझटेकला जायला मात्र पूर्ण दिवस मोडला, त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये. कड्यातल्या घरांच्या फेरीत पाण्याशिवाय काहीही खायला-प्यायला नेता येत नाही, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी आधी खाऊन जावे. आईने लाडू पिशवीत घेतले होते, ते गाडीत परत ठेवायला धावावे लागले.

क्लिफ पॅलेसच्या फेरीत बाबा सगळ्या शिड्या चढले. एका भिंतीपाशी रेंजरने सर्वांना थांबवून दर्जेतला ठसा दाखवला. बाबांनी हात पाठीमागे बांधले आणि वाकून बराच वेळ पाहिले. मग लेकीला जवळ बोलावून म्हणाले की हा अंगठा लहान आहे, चिप दाबणारी एखादी बाई असेल किंवा तुझ्याएवढी पोर असेल. होपींमध्ये घराचा गिलावा परंपरेने स्त्रिया करतात असे रेंजरने सांगितल्यावर त्यांनी ते वहीत लिहून घेतले.

ॲकोमाला आम्हाला घेऊन फिरणाऱ्या बाई साठीच्या असतील. लेकीने त्यांना तोच प्रश्न विचारला, की मेसा व्हर्डेची माणसे कुठे गेली. त्यांनी आधी तिचे नाव विचारले, ते दोनदा म्हणून पाहिले आणि मग समोरच्या घराच्या दारातल्या गोल चुलाणाकडे बोट दाखवले. त्या म्हणाल्या की तिथे त्यांची बहीण उद्याच्या पावांसाठी लाकडे रचते आहे.